काड्या, गोळी आणि पाऊस: पायची किंमत घरच्या घरी कशी काढायची

वर्तुळाचा परीघ भागिले व्यास म्हणजे पाय (π). शाळेत त्याचे बावीस सप्तमांश घोकून झालेले असतात, कॅल्क्युलेटर ३.१४१५९२६ दाखवतो, आणि हा आकडा स्वतः मोजायची वेळ काही येत नाही. मोजायचा म्हटलं की सगळे बांगडीभोवती दोरा गुंडाळतात. तेही करावं, पण त्यातली गंमत पाच मिनिटांत संपते. जिथे वर्तुळ दिसतच नाही, म्हणजे जमिनीवर फेकलेल्या काड्यांत किंवा दोऱ्याला टांगलेल्या गोळीत, तिथेही हाच आकडा निघतो, ते बघण्यात खरी मजा. खालचे सगळे प्रयोग ठाण्या-नवी मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये होतात. खराटा, किचनचा वजनकाटा, बेअरिंगची गोळी आणि मोबाइल एवढं जमवलं की बाकीचं घरात असतंच.

अपेक्षा आधीच ठरवून घ्या. आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये ६२,८३२ भागिले २०,००० असा पाय दिला, म्हणजे ३.१४१६. तिथपर्यंत आपण पोचणार नाही. ३.१ येईल, हात बसला की ३.१४ च्या आसपास. त्याहून अचूक उत्तर आलं तर आधी आपल्याच वहीवर संशय घ्यायचा.

दोन नियम मात्र कडक पाळायचे. पहिला: पाय मागच्या दाराने आत येऊ द्यायचा नाही. डब्याची क्षमता त्याच्या लेबलवरून घेतली, तर ती कारखान्यात बहुतेक पाय वापरूनच काढलेली असते, मग आपण मोजलं काय? दुसरा: किती वेळा फेकायचं, किती आंदोलनं मोजायची, हे सुरू करण्यापूर्वी वहीत लिहायचं आणि तिथेच थांबायचं. हा दुसरा नियम मोडणाऱ्या एका प्रसिद्ध गृहस्थांची गोष्ट पुढे येईल.

हात बसवायला: स्टीलचा डबा

सरळ भिंतीचा स्टीलचा डबा घ्या. वर निमुळता होणारा नको. डब्याचा तळ कधीच नीट सपाट नसतो, कडेला गोलाई असते, म्हणून तळापासून मोजायचंच नाही. थोडं पाणी घालून पातळीची खूण करा आणि वजन घ्या. मग आणखी पाणी घालून दुसरी खूण करा, पुन्हा वजन. आपल्याला फक्त दोन्हींतला फरक हवा. आतला व्यास तीन दिशांनी मोजून सरासरी काढा. डबा कधीतरी पडलेला असतो आणि किंचित लांबट झालेला असतो.

समजा आतला व्यास १२ सेंमी आहे आणि पाणी ८ सेंमी चढलं. त्रिज्येचा वर्ग ३६, गुणिले ८, म्हणजे २८८. वाढलेलं वजन ९०१ ग्रॅमच्या आसपास भरेल. ९०१ भागिले २८८ केलं की ३.१२८ येतं, आणि इथे बरेच जण हिरमुसतात. पण एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम हे थंड पाण्याचं गणित. आपल्याकडे नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं आणि त्या तापमानाला मिलिलिटरमागे ०.९९५७ ग्रॅमच भरतात. तेवढी दुरुस्ती केली की ३.१४२ मिळतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३५ अंशांना गेलं तर आकडा ०.९९४० घ्या. पाण्यात थर्मामीटर बुडवायला विसरू नका.

व्यासात मात्र एक मिलिमीटरची चूक झाली तर पायमध्ये ०.०५ ची चूक होते, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. तेव्हा सगळी काळजी व्यासावर खर्च करा.

फरशी आणि खराट्याचे हीर

हा माझा सर्वात आवडता प्रयोग. ज्यांना एकच करायचा आहे त्यांनी हाच करावा.

फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्युफाँ यांनी १७३३ मध्ये प्रश्न मांडला: समांतर रेषांच्या जमिनीवर सुई टाकली, तर ती रेषेवर पडण्याची शक्यता किती? उत्तर १७७७ मध्ये छापून आलं आणि त्यात पाय होता. त्यांच्या रेषा लाकडी फळ्यांच्या फटींच्या होत्या. आपल्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, त्या तर उभ्या-आडव्या दोन्ही रेषा फुकट देतात.

पट्टीने एका सांध्याच्या मध्यापासून पुढच्या सांध्याच्या मध्यापर्यंत मोजा. दोन फुटी टाइल म्हणतात ती साधारण ६० सेंमी भरते, पण स्वतः मोजाच. जांभळी नाक्याच्या बाजारातून किंवा जवळच्या वाण्याकडून नारळाच्या हिरांचा खराटा आणा. जाड बाजूचे वीस-पंचवीस हीर बरोबर त्याच मापाचे कापून घ्या. लांबी आणि टाइल सारखी ठेवली की सूत्र सोपं होतं.

हॉलमधलं सामान भिंतीला लावा. एकेक हीर गिरकी देऊन वर उडवा, खाली पडू द्या. भिंतीला किंवा सोफ्याला लागून थांबलेला हीर मोजायचा नाही, परत टाकायचा. जुडी एकदम फेकू नका, सगळे एकाच दिशेला पडतात. प्रत्येक हीर किती सांधे ओलांडतो ते बघा, उभे आणि आडवे दोन्ही. उत्तर ०, १ किंवा २ असेल. एकाने फेकायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं. फेकणाऱ्यानेच लिहिलं की काठावरचे निकाल हळूहळू आपल्या बाजूने झुकायला लागतात.

शेवटी: ४ गुणिले एकूण फेकी, भागिले एकूण छेद. समजा २०० फेकींत २५५ छेद मिळाले, तर ८०० भागिले २५५ म्हणजे ३.१३७. छेद २४७ असते तर ३.२४ आलं असतं. एवढा फरक चालतो का? चालतो. दोनशे फेकींना साधारण ०.०९ इकडेतिकडे होणं हे नेहमीचं. चूक निम्मी करायची तर फेकी चौपट कराव्या लागतात, म्हणजे ८०० ला ०.०४७. इथेच कळतं की तिसरा दशांश मिळवायला अख्खी उन्हाळी सुट्टी का पुरणार नाही. फक्त एकाच दिशेचे सांधे मोजले तर इतकीच अचूकता यायला तिपटीहून जास्त फेकी लागतील, म्हणून दोन्ही दिशा मोजायच्या.

आता, सरळ काडीत वर्तुळ आलं कुठून? त्यासाठी घरातली एक बांगडी घ्या. कागदावर समांतर रेषा काढा, दोन रेषांमधलं अंतर बांगडीच्या बाहेरच्या व्यासाएवढं. बांगडी कशीही टाका, ती रेषांना बरोबर दोनदा छेदते. कधी एकाच रेषेला दोन ठिकाणी, कधी नेमकी दोन रेषांना टेकून, पण दोनच. शंका असेल तर दहा वेळा टाकून बघा. आता कल्पनेनं त्या बांगडीचे बारीक बारीक तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला येणारे सरासरी छेद त्याच्या लांबीच्या प्रमाणात असणार, कारण कुठलाही तुकडा दुसऱ्याहून वेगळा नाही. बांगडीची पूर्ण लांबी म्हणजे पाय गुणिले व्यास, आणि तिला छेद दोन. मग व्यासाएवढ्या लांबीच्या काडीला किती? दोन भागिले पाय. उभे-आडवे दोन्ही धरले की चार भागिले पाय. झालं सूत्र तयार, इंटिग्रेशनचं नावही न घेता.

ही युक्ती जोसेफ-एमिल बार्बिए या फ्रेंच गणितज्ञाची, १८६० मधली. तिचा एक व्यवहारी फायदा आपल्याला होतो: हीर थोडा वाकडा असला तरी बिघडत नाही. तुकड्यांना आपण सरळ आहोत की वाकडे याच्याशी देणंघेणं नसतं. अट एवढीच, की लांबी वाकण्याच्या बाजूने मोजायची आणि सगळे छेद मोजायचे, नुसतं लागलं की नाही एवढंच बघायचं नाही. सुतळीचे तुकडे टाकूनही पाय येतो, करून बघा.

आता ते प्रसिद्ध गृहस्थ. इटलीच्या मारिओ लाझारिनी यांनी १९०१ मध्ये जाहीर केलं की ३,४०८ वेळा सुई टाकून १,८०८ छेद मिळाले आणि पाय ३.१४१५९२९ आला. सहा दशांश बरोबर! पण ३,४०८ हा आकडा इतका विचित्र का? त्यांची सुई रेषांमधल्या अंतराच्या पाच षष्ठांश होती. त्या मापाला २१३ फेकींत ११३ छेद पडले की उत्तर थेट ३५५ भागिले ११३ येतं, आणि तो पायचा जुना नामांकित अपूर्णांक आहे. ३,४०८ म्हणजे २१३ च्या सोळापट, १,८०८ म्हणजे ११३ च्या सोळापट. २१३-२१३ फेकींचे गठ्ठे टाकत राहायचं आणि आकडा जुळला की थांबायचं, असं केलं तर कुणालाही हे जमेल. फेकींची संख्या आधी लिहून ठेवायची ती यासाठी.

लंबक आणि पडणारी गोळी

लंबकाच्या दोलनकालाचं (एका आंदोलनाला, म्हणजे जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाचं) सूत्र अकरावी-बारावीत सगळ्यांनी केलेलं असतं. त्यात पाय आहे आणि गुरुत्वत्वरणही आहे, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो तो आकडा. आपल्या अक्षांशावर ते सुमारे ९.७८६ असतं, ते घालून पाय काढता येतो. पण पुस्तकातून आणलेला आकडा मला या प्रयोगात आवडत नाही. जुन्या काळी गुरुत्वत्वरण लंबकानंच मोजायचे, म्हणजे पाय वापरून. आणखी एक भानगड: पायचा वर्ग ९.८७ येतो, गुरुत्वत्वरणाच्या अगदी शेजारी. हा निव्वळ योगायोग नाही. अठराव्या शतकात मीटरची व्याख्या एका सेकंदात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या लंबकाच्या लांबीवरून करावी, असा प्रस्ताव होता. फ्रेंचांनी १७९१ मध्ये तो सोडून पृथ्वीच्या रेखावृत्तावरून मीटर ठरवला, पण दोन्ही लांबी जवळजवळ सारख्याच निघाल्या.

यातून सुटायचा मार्ग सुंदर आहे. लंबकाच्या लांबीएवढ्याच उंचीवरून तीच गोळी सोडा आणि पडायला लागणारा वेळ मोजा. लंबकाचा वेळ भागिले पडण्याचा वेळ केलं की गुरुत्वत्वरण वर-खाली कटून जातं, लांबीही कटते. उरतं ते पाय गुणिले २ चं वर्गमूळ. मीटरपट्टी खोटी असली तरी उत्तर बदलत नाही, फक्त दोन्ही अंतरं एकसारखी हवीत.

आधी पडण्याची उंची ठरवा, कारण ती बदलणं अवघड असतं. कपाटाच्या माथ्यावर स्टीलची पट्टी ठेवा, टोक बाहेर काढा, टोकावर गोळी ठेवा. खाली जमिनीवर स्टीलची थाळी पालथी घाला. गोळीच्या तळापासून थाळीपर्यंतचं अंतर मोजा, समजा २ मीटर. काचेची गोटी नको, हवेचा विरोध तिला जास्त जाणवतो. गॅरेजमध्ये मिळणारी बेअरिंगची गोळी उत्तम.

वेळ अंगठ्याने मोजायचा नाही. पाऊण सेकंदाच्या आतलं काम, त्यात अंगठा हमखास उशीर करतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं केलेलं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप मोबाइलवर घ्या. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: पहिल्या आवाजाला सुरू, दुसऱ्याला बंद. लाटण्याने पट्टीला आडवा फटका मारा. पट्टी गोळीखालून निसटते, टक्. गोळी थाळीवर, ठण्. पहिल्या आवाजाच्या घुमण्यानं घड्याळ लगेच बंद पडत असेल तर ॲपमधला किमान विलंब वाढवा.

मोबाइल कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. आवाजाला दोन मीटर जायला सहा हजारांश सेकंद लागतात, आणि एवढ्यानं उत्तर जवळजवळ एक टक्का हलतं. म्हणून मोबाइल स्टुलावर मध्यावर ठेवा, पट्टीपासून आणि थाळीपासून सारख्याच अंतरावर. दोन्ही आवाज सारखेच उशिरा पोचतात आणि प्रश्न मिटतो. वेळ ०.६३९ सेकंदाच्या आसपास यायला हवा.

ज्यांना ॲप नको त्यांनी स्लो-मोशन व्हिडिओ घ्यावा, पण त्याची मर्यादा ओळखून. सेकंदाला २४० फ्रेम्स असतील तर हे पडणं १५३ आणि १५४ फ्रेम्सच्या मधे कुठेतरी संपतं. १५३ धरलं तर पाय ३.१५, १५४ धरलं तर ३.१३. एका फ्रेमची किंमत ०.०२!

आता लंबक. जुन्या घरांत पाळण्याची किंवा झोपाळ्याची कडी असते, ती सर्वांत भक्कम. नसेल तर स्टिल्ट पार्किंगमधल्या एखाद्या पाइपच्या ब्रॅकेटला टांगा, वॉचमनना आधी सांगून. गोळीला दोरा चिकटवा आणि टांगल्यानंतरच लांबी मोजा, कारण वजनानं दोरा ताणला जातो. टांगलेल्या बिंदूपासून गोळीच्या मध्यापर्यंत बरोबर तेवढंच अंतर हवं, जेवढं पडण्याचं होतं. खिडक्या लावा, पंखा बंद. घोडबंदर रोडच्या वरच्या मजल्यांवर खाडीचा वारा उघड्या खिडकीतून लंबकाला गोल फिरवायला लागतो.

झोका लहान ठेवा, पाच अंशांचा. दोन मीटरच्या दोऱ्याला म्हणजे मध्यापासून १७ सेंमी. तीस अंशांपर्यंत ओढलात तर दोलनकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. गोळी सर्वांत खालून एकाच दिशेने जाताना मोजा आणि पहिल्यांदा जाताना 'एक' म्हणायचं नाही, 'शून्य' म्हणायचं. नवशिक्यांची पन्नासची एकोणपन्नास होतात ती इथेच. पन्नास आंदोलनांना १४२ सेकंद लागतील, म्हणजे एका आंदोलनाला २.८४. आता २.८४ भागिले ०.६३९ भागिले १.४१४. उत्तर ३.१४.

इथलं वर्तुळ बघायचं असेल तर दोऱ्याला बांधलेली गोळी आडव्या वर्तुळात फिरवा आणि बाजूने टॉर्च मारा. भिंतीवरची सावली लंबकासारखीच मागेपुढे होते.

जूनचा पाऊस

पुठ्ठ्याच्या खोक्याचा सपाट भाग कापून ४० सेंमीचा चौरस आखा. त्यात चारही बाजूंना टेकणारं वर्तुळ काढा. पाऊस नुकता सुरू झाला की गच्चीवर मोकळ्या जागी, कठड्यापासून दूर, पुठ्ठा सपाट ठेवा. तीन-चार सेकंदांत झाका आणि फोटो काढा. तपकिरी पुठ्ठ्यावर थेंब गडद उमटतात. आपल्याकडचा पाऊस फार वेळ देत नाही, म्हणून आठ-दहा पुठ्ठे आधीच आखून ठेवा, आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून आदल्या दिवशीच मागून घ्या.

वर्तुळातले थेंब भागिले चौरसातले सगळे थेंब, गुणिले ४. ५०० पैकी ३९२ आत असतील तर ३.१३६. रेषेवरचे थेंब एक आत, एक बाहेर असे वाटा. पाऊस तिरका असला तरी चालतो, सपाट पुठ्ठ्यावर तो सगळीकडे सारखाच पडतो. झाडाखाली किंवा पत्र्याच्या कडेला मात्र चालत नाही. ५०० थेंबांना ०.०७ ची चूक धरा. २२ जुलैला, म्हणजे तारीख २२/७ अशी लिहितो त्या दिवशी, केलात तर पाऊस बहुधा हजर असतोच.

नदी आणि कॅरम

१९९६ मध्ये हान्स-हेन्रिक स्टोलुम यांनी 'सायन्स' नियतकालिकात मांडलं की वळणं घेत जाणाऱ्या नदीची लांबी भागिले दोन टोकांमधलं सरळ अंतर याची सरासरी पायच्या जवळ जाते. नकाशावर उल्हास नदीची वळणं बघून मोह होतो. पण नंतर लोकांनी खऱ्या नद्या मोजल्या तेव्हा सरासरी बरीच खाली आली. सोडून द्या.

कॅरमचा प्रयोग मात्र जरूर करा. एकाच वजनाच्या दोन सोंगट्या घ्या, पावडर टाका, दोन पट्ट्यांची सरळ गल्ली करा. एक सोंगटी कडेच्या रबरापासून वीतभर अंतरावर स्थिर ठेवा, दुसरी सरळ तिच्यावर मारा. टकरा मोजा: सोंगटीवर सोंगटी, सोंगटी रबरावर, परत सोंगटीवर सोंगटी. तीन! अमेरिकेतले गणितज्ञ ग्रेगरी गॅल्पेरिन यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की मारणारी वस्तू शंभरपट जड असेल तर टकरा ३१ होतात, दहा हजारपट असेल तर ३१४, दहा लाखपट असेल तर ३,१४१. घर्षण शून्य हवं आणि टकरीत जराही ऊर्जा वाया जायला नको, एवढीच अट.

सोंगटी साधारण पाच ग्रॅमची. शंभरपट म्हणजे अर्धा किलो, तेवढं वजन बोर्डावर सरकेल, पण ३१ टकरा व्हायच्या आत थांबेल. ३१४ साठी ५० किलो हवेत, म्हणजे सिमेंटची एक भरलेली गोणी. ती कॅरमवर सरकवून बघायची असेल तर बोर्ड शेजाऱ्यांचा घ्या.